फिर्यादी भूत: खुनाच्या गोष्टीत भुतं कुठनं आली

पुतणी अकरावीला आहे, बेळगावात टिळकवाडीत क्लासला जाते आणि बसमध्ये इंग्लिश कादंबऱ्या वाचते. सध्या सगळ्या एकाच टाईपच्या, सोळा वर्षांची पोरगी, तिला मेलेली माणसं दिसतात, गावात खून होतो, पोलिसांना काही पत्ता नाही आणि मेलेलाच येऊन हिच्या मागं लागतो की माझा खुनी शोध. यंग अडल्ट पॅरानॉर्मल मर्डर मिस्ट्री म्हणे. परवा जेवताना विचारलं, काका हे असलं मराठीत का नाही? मी म्हटलं आहे की, सगळे पार्ट आहेत आपल्याकडं, जोडायचे तेवढे राहिलेत. मग तिला जे सांगितलं तेच इथं टाकतोय.

तसं बघितलं तर खुनाचा तपास आणि भूत यांचं जमतच नाही. १८४१ मध्ये एडगर ॲलन पोनं डिटेक्टिव्ह कथा सुरू केली ती डोकं चालवून कोडं सोडवायची म्हणून, आणि १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्र्यानं (स्वतः रहस्यकथा लिहायचा) दहा नियमच काढले, त्यातला दुसरा नियम की भूतखेत, दैवी शक्ती यातलं काही चालणार नाही. बरोबर आहे, भुतानंच येऊन खुन्याचं नाव सांगितलं तर पुढची दोनशे पानं लिहायची कशाला? कॉनन डॉइलची तर गंमतच, तो स्वतः आत्म्यांवर ठार विश्वास ठेवणारा, पण होम्सच्या गोष्टीत त्यानं भुताला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

पण हे भांडण नंतरचं. त्याच्या कितीतरी आधी भूतच फिर्यादी होतं. रोममधल्या धाकट्या प्लिनीचं एक पत्र आहे, एकोणीसशे वर्षांपूर्वीचं. अथेन्समध्ये एक घर, रात्री साखळदंडांचा आवाज, कोणी राहायला तयार नाही. अथेनोडोरस नावाचा तत्त्वज्ञ येतो, भाडं एवढं कमी कसं म्हणून त्याला डाऊट येतो, चौकशी करतो आणि मुद्दाम तेच घर घेतो. रात्री लिहीत बसलाय, भूत आलं, बोटानं ये म्हणालं, हा म्हणाला थांब जरा. शेवटी मागनं गेला, अंगणात जिथं भूत गायब झालं तिथं खूण केली, सकाळी खणलं तर साखळ्यांत अडकलेली हाडं. रीतसर अंत्यविधी झाला, आवाज बंद. मला यातला तो कमी भाड्याचा डाऊट सगळ्यात आवडतो, खरा तपास तिथंच सुरू होतो.

मग हॅम्लेट. तरुण पोरगा, बापाचं भूत येऊन सांगतं की तुझ्या काकानंच मला मारलं, आणि पोरगा लगेच विश्वास ठेवत नाही, नाटक लावून काकाचं तोंड बघतो. म्हणजे भुताची टीप, पण पुरावा स्वतः गोळा करायचा, आजच्या कादंबऱ्यांचा सगळा फॉर्म्युला इथंच आला. आणि हे १८८३ मध्ये मराठीत आणलं कोणी तर आगरकरांनी, 'विकारविलसित' नावानं! देवाधर्मावर आसूड ओढणारा माणूस आणि भाषांतराला निवडलं भुताचं नाटक.

खऱ्या आयुष्यातली केस १८४८ ची, न्यूयॉर्क राज्यातल्या हाईड्सव्हिल गावातली. फॉक्स घरातल्या दोन पोरी, एक अकरा-बाराची, एक चौदा-पंधराची. घरात टकटक आवाज, पोरींनी प्रश्न विचारायचे, आत्म्यानं टकटक करून उत्तर द्यायचं, आणि उत्तर काय तर मी फेरीवाला, पैशासाठी माझा खून करून या घराच्या तळघरात पुरलंय. त्यातनं आत्म्यांना बोलवायची लाट उठली ती जगभर गेली, प्लँचेट आपल्या दिवाणखान्यापर्यंत आलं. ४० वर्षांनी, १८८८ मध्ये थोरलीनं स्टेजवर उभं राहून दाखवलं की आवाज पायाच्या बोटांचे सांधे मोडून काढायचो (पुढच्या वर्षी तेही मागं घेतलं, ते सोडा).

आता आपल्याकडं. कोकणातल्या भुतांची इंग्रजीतली जी मोठी यादी आहे ती ए. एम. टी. जॅक्सन या कलेक्टरच्या टिपणांवरची. शाळामास्तरांकडं प्रश्न पाठवून माहिती जमवलेली. होय, तोच जॅक्सन, ज्याचा २१ डिसेंबर १९०९ ला नाशकात अनंत कान्हेऱ्यांनी नाटकाच्या थिएटरात वध केला, कान्हेरे तेव्हा जेमतेम सतरा-अठरा वर्षांचे. टिपणं मागं राहिली, ती एन्थोवेन नावाच्या दुसऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानं लावून १९१५ मध्ये छापली.

ती यादी नीट बघा, पोस्टमॉर्टेम रिपोर्टच वाटतो. बाळंतपणात गेली ती हडळ, मुंज होऊन सोडमुंजीआधी गेला तो मुंजा, जीव पैशात अडकला तो समंध. म्हणजे नावातच वय आणि मरणाचं कारण. मुंजा तर सरळसरळ टीनएजर भूत, पिंपळावर बसलेलं. पण आमच्या भुतांना खुनी नको असतो. ज्याला धरलंय तो माणूस म्हणजे 'झाड', भगत झाडाला विचारणार कोण तू, कुठला, काय पाहिजे, आणि भूत मागणार नारळ नाहीतर कोंबडा. उतारा टाकला, मिटलं. तुला कोणी मारलं हा प्रश्न विचारतच नाहीत, मराठीत हा प्रकार जमला नाही तो यामुळंच असं माझं मत.

नंतर वाटाच वेगळ्या झाल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, झुंजार, काळापहाड, सगळा मारधाडीचा माल. भुताटकी नारायण धारपांकडं, त्यातल्या त्यात त्यांचा समर्थ हा भुताखेतांचा डिटेक्टिव्ह म्हणता येईल, पण तो मोठा माणूस, शाळेतला पोरगा नव्हे.

आणि बेळगावात तर मसाला तयार आहे. कन्नडमध्ये देवरु म्हणजे देव आणि देव्व म्हणजे भूत, नीट ऐकलं नाही तर संपलंच. सदाशिवनगरच्या स्मशानात इथले राजकारणी सतीश जारकीहोळी ६ डिसेंबरला अंधश्रद्धेविरुद्ध कार्यक्रम घेतात, २०१४ ला तर रात्रभर तिथंच मुक्काम केलेला. जादूटोण्याचा कायदा महाराष्ट्रात २०१३ चा, कर्नाटकात २०१७ चा, लागू झाला २०२० मध्ये, म्हणजे भगत महाराष्ट्राच्या हद्दीतल्या शिनोळीत पकडला तर एक कायदा आणि पाच-दहा मैल अलीकडं पकडला तर दुसरा.

पुतणीनं ऐकून घेतलं आणि प्लॉट काढला पण. खानापूर रोडच्या पिंपळावर मुंजा, त्याला फक्त मराठी येते, पीएसआय गदगकडचा, त्याला फक्त कन्नड, आणि मधे ही दुभाषी. मग विचारते, काका, मुंजाचा जबाब कोर्टात चालतो काय? म्हटलं मरणाआधीचा चालतो, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम ३२ होतं, आता नव्या कायद्यात २६. मरणानंतरचा नाही.

"मग त्याला मरायच्या आधी भेटायला पाहिजे," म्हणाली, आणि पहिलं चॅप्टर खोडून परत लिहायला बसली.