रॉकेटच्या अंगावरची ती छोटी नळी आली कुठनं?

परवा उद्यमनगरात ओळखीच्या एका शेडमध्ये पोरं मॉडेल रॉकेट जोडत बसलेली. फिन्स म्हणजे शेपटीकडचे पंख एकदम झकास चिकटवले, पॉलिश पेपर मारून रंग दिला आणि बाजूची नळी म्हणजे लाँच लग, जी सुटताना उभ्या रॉडवरनं सरकत रॉकेटला सरळ नेते, ती शेवटी घाईत तिरकी लावून टाकली. मला लई वाईट वाटलं, कारण त्या बोटभर नळीमागं दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

दिवाळीचं रॉकेट आठवा. बाटलीत असेपर्यंत काडी त्याला दिशा देते आणि उडाल्यावर तीच तोल सांभाळते, म्हणजे दोन्ही कामं एकटी करते. टिपूच्या सैन्याच्या बाणांना, म्हणजे लोखंडी नळीच्या रॉकेटांना, असाच लांब बांबू बांधलेला असायचा. 1799 ला श्रीरंगपट्टण पडलं, ते बाण इंग्लंडला गेले आणि तिथल्या विल्यम काँग्रीव्हनं त्यावरनं स्वतःची रॉकेटं बनवली. त्याची काठी आधी एका बाजूला होती, त्यामुळं तोल जायचा, मग 1815 च्या सुमारास ती मधोमध आणली. 1844 ला विल्यम हेलनं रॉकेट स्वतःभोवती फिरवून काठीच काढून टाकली.

काठी गेली आणि पुढं फिन्स आल्या, पण खरी अडचण इथंच आहे बघा, फिनला काम करायला वारा लागतो आणि सुटताना रॉकेटचा वेग शून्य, म्हणजे पहिले काही फूट फिन्स नुसत्या शोभेच्या. तेवढ्या अंतरात कुणीतरी हात धरून न्यायला पाहिजे. अमेरिकन रॉकेट शास्त्रज्ञ गोडार्डनं न्यू मेक्सिकोतल्या रोझवेलला त्यासाठी गाइड असलेला उंच टॉवरच उभा केला होता.

छंदाच्या रॉकेटांची सुरुवात 1954 ची, अमेरिकेत नेब्रास्कातले कार्लाइल बंधू, त्यातल्या ऑर्व्हिलचं चपलांचं दुकान होतं (कोल्हापूरकरांना हे वाचून बरं वाटेल). मग हॅरी स्टाइननं हा छंद लोकांपर्यंत नेला, व्हर्न एस्टेसनं मोटर, म्हणजे रॉकेटला ढकलणारी इंधनाची कांडी, बनवायचं मशीन केलं आणि लहान रॉकेटला 1/8 इंची, साधारण तीन फुटी रॉड अन् त्यावर सरकणारी नळी हेच रूढ झालं. आपल्याकडं 3 मिमीचा स्टेनलेस रॉड घेतला तरी थोड्या ढिलाईनं चालतो.

रॉकेट जड झालं की मात्र बारका रॉड वाकतो, झटका देतो आणि रॉकेट भलतीकडंच जातं. म्हणून मोठी रॉकेटं खाचेच्या अ‍ॅल्युमिनियम रेलवर आली, नळीच्या जागी त्या खाचेत सरकणारी दोन रेल बटणं, एक तळाशी आणि एक गुरुत्वमध्याजवळ. असल्या खाचेच्या पट्ट्या मशीनच्या फ्रेमला वापरतात, त्यामुळं आपल्याला नवं नाही, फक्त अमेरिकन रेल इंचात आणि आपलं बहुतेक मिमीत, तेव्हा बटण खाचेत घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

माझं स्वतःचं एक रॉकेट असंच वाया गेलंय. लगच्या तोंडाशी फेविकॉलचा थेंब सुकून बसलेला, मला दिसलाच नाही, रॉकेट रॉडवर अर्ध्यात अडकलं आणि मोटर तिथंच जळून गेली, खालचा पुठ्ठा काळाठिक्कर.

म्हणून पोरांची ती तिरकी नळी ब्लेडनं काढायला लावली. नवी लावताना आत रॉड घातला, एक डोळा मिटून तो बॉडी ट्यूबला समांतर धरला आणि फेविकॉल धरायच्या आत हळूहळू फिरवत बाहेर काढला.