कर्कजनुक वाहून नेणारे विषाणू : एका प्रयोगतंत्राची पार्श्वभूमी

एखाद्या मानवी जनुकाचा कर्करोगाशी संबंध असावा असा संशय आला, की प्रयोगशाळेत बहुधा एक प्रयोग ठरलेलाच असतो. ते जनुक विषाणूच्या कवचात घालून पेशीत पोहोचवायचे, पेशीला त्याचे प्रथिन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त बनवायला लावायचे आणि तिचे वागणे बदलते का ते पाहायचे. या अतिअभिव्यक्तीसाठी लागणारी प्लाझ्मिडे (जनुक बसवता येणारी डीएनएची छोटी वर्तुळे) आणि पेशी आज विकत मागवता येतात, त्यामुळे विषाणू हे निव्वळ सोयीचे वाहन म्हणून निवडले गेले असावे असे वाटू शकते. प्रत्यक्षात कर्कजनुक, म्हणजे पेशीला कर्करोगी करू शकणारे जनुक, ही कल्पनाच विषाणूने पेशीत नेलेल्या जनुकातून निघाली. संशोधकांनी वाहन नव्याने शोधले नाही, तर भरून धावणाऱ्या वाहनातला माल बदलला.

१९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांच्याकडे छातीत गाठ असलेली प्लायमाउथ रॉक जातीची एक कोंबडी आणण्यात आली. त्या गाठीचा अर्क, पेशी आणि जिवाणू दोन्ही अडतील अशा गाळणीतून गाळून, दुसऱ्या कोंबड्यांना टोचला तरी त्यांना तशीच गाठ येते, हे राऊस यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनी. दरम्यान १९५८ मध्ये हॉवर्ड टेमिन आणि हॅरी रुबिन यांनी गाळणीतूनही पार होणारा हाच विषाणू काचपात्रातील पेशींवर मोजण्याची पद्धत बसवली. १९७० मध्ये बर्कलीच्या स्टीव्ह मार्टिन यांनी असा उत्परिवर्तित विषाणू मिळवला, की जो ठरावीक तापमानाच्या वर पेशींना बिघडवू (म्हणजे कर्करोगी करू) शकत नसे, पण स्वतःची संख्या मात्र वाढवत असे. विषाणूच्या वाढीला लागणारी जनुके वेगळी आणि पेशी बिघडवणारे जनुक वेगळे, हे त्यातून दिसले. या दुसऱ्या जनुकाला पुढे ‘सार्क’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे आरएनएवरून डीएनए बनवणारे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर शोधले, आणि आरएनए बाळगणारा असा विषाणू (रेट्रोव्हायरस) पेशीच्या डीएनएमध्ये कायमचा कसा शिरतो याचा उलगडा झाला.

१९७६ मध्ये दॉमिनिक स्टेहेलाँ, हॅरल्ड व्हार्मस, मायकेल बिशप आणि पीटर व्होग्ट यांनी दाखवून दिले, की सार्क हे विषाणूचे मूळचे जनुक नव्हेच. निरोगी पक्ष्यांच्या डीएनएमध्येही त्याचे भावंड असते, आणि विषाणूने ते कधीकाळी उचलून नेले होते. मग प्रश्न उभा राहिला, की पेशीचेच जनुक पेशीवर का उलटते? विषाणूच्या जोरदार प्रवर्तकामुळे (जनुक चालू करणाऱ्या भागामुळे) त्याचे प्रथिन फार जास्त बनते म्हणून, की ते वाहून नेले जाताना त्यात बिघाड झाला म्हणून? माझ्या मते अतिअभिव्यक्तीच्या तंत्राचा पुढचा सगळा इतिहास हा याच प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

सार्कपुरते उत्तर १९८४ मध्ये मिळाले. हिदेसाबुरो हानाफुसा यांच्या गटाने राऊस विषाणूतील सार्क काढून त्या जागी कोंबडीच्या पेशीतले अव्यंग सार्क बसवले. प्रथिन भरपूर बनले, पण पेशी बिघडल्या नाहीत. म्हणजे केवळ प्रमाण पुरेसे नव्हते. हा प्रयोगही रॉकफेलरमध्येच झाला, हा योगायोग खरा.

मानवी जनुकांच्या बाबतीत मात्र एकच उत्तर निघाले नाही. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगातून वेगळे केलेले रास जनुक निरोगी रासहून बाराव्या स्थानावरच्या एकाच अमिनो आम्लाने निराळे निघाले; तिथे दोष बिघाडाचा होता. याउलट १९८७ मध्ये डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या १८९ गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे ३० टक्के गाठींत हर-२ जनुकाच्या २ ते २०हून अधिक पट प्रती आढळल्या. त्याच वर्षी, कोणताही बिघाड नसलेले हे मानवी जनुक उंदराच्या एनआयएच ३टी३ पेशींत पुरेशा मोठ्या प्रमाणात व्यक्त केले तर त्या पेशी कर्करोगी होतात, हेही सिद्ध झाले. इथे प्रमाणच निर्णायक होते. हर-२ प्रथिनाला अडवणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.

अशा प्रयोगांसाठी निरुपद्रवी वाहन लागते. पेशीत शिरून जनुक ठेवावे, पण पुढे पसरू नये, अशी अट घालणारी रचना रिचर्ड मान, रिचर्ड मुलिगन आणि बाल्टिमोर यांनी १९८३ मध्ये केली. विषाणूचा आरएनए कवचात भरला जावा यासाठी त्यावर ‘साय’ नावाची एक खूण असते. त्यांनी विषाणूची सर्व प्रथिने बनवणारी, पण स्वतःच्या आरएनएवर ही खूण नसलेली पेशी तयार केली. खूण फक्त संशोधकाच्या जनुकावर ठेवली, की कवचात तेवढेच भरले जाते. १९९० मध्ये जय मॉर्गनस्टर्न आणि हार्टमुट लँड यांनी प्रसिद्ध केलेली पीबेब प्लाझ्मिडे याच तत्त्वावरची असून ती अजूनही वापरात आहेत. मानवी पेशींना लागण करू शकणाऱ्या विषाणूत कर्कजनुक भरणे प्रयोग करणाऱ्यालाच धोक्याचे असते. म्हणून पुष्कळदा फक्त उंदराच्या पेशींत शिरणारा विषाणू घेतात आणि त्याला लागणारा ग्राही (ज्याला चिकटून विषाणू आत शिरतो ते प्रथिन) आधी मानवी पेशींवर बसवतात. ही युक्ती मला फार आवडते.

पी५३ जनुकाने या तंत्राची मर्यादाही दाखवली आणि दुसरे वाहनही पुढे आणले. १९७९ मध्ये सापडलेले हे जनुक बरीच वर्षे कर्कजनुक समजले गेले, कारण अतिअभिव्यक्तीसाठी वापरलेल्या सुरुवातीच्या प्रतीच उत्परिवर्तित होत्या. अव्यंग पी५३ वाढ रोखते, हे १९८९ मध्ये स्पष्ट झाले. पण वाढ रोखणारे जनुक रेट्रोव्हायरसने कायमचे बसवले तर ते घेतलेल्या पेशी वाढतच नाहीत, मग अभ्यास कशावर करायचा? अशा वेळी डीएनएमध्ये न मिसळता काही दिवस भरपूर प्रथिन बनवून घेणारा अ‍ॅडेनोव्हायरस उपयोगी पडतो. तो वाढवण्यासाठी लागणाऱ्या एचईके २९३ पेशी १९७३ मध्ये लायडन येथे फ्रँक ग्रॅहम यांनी तयार केल्या होत्या. २९३ हा त्यांच्या प्रयोगाचा क्रमांक. १९९७ मध्ये बर्ट फोगेलस्टाइन यांच्या गटाने अ‍ॅडेनोव्हायरसने पी५३ पोहोचवून ७,२०२ लिप्यंतरे (जनुकांच्या आरएनए प्रती) तपासली आणि त्यांतली फक्त १४ ठळकपणे वाढलेली आढळली.

१९९७ मध्येच मानुएल सेरानो, स्कॉट लोव आणि सहकाऱ्यांनी बिघडलेले रास निरोगी मानवी पेशींत रेट्रोव्हायरसने घातले. पेशी अनावर वाढतील ही अपेक्षा होती, पण त्या कायमच्या थांबल्या. हा पेशीचा स्वतःचा बचाव आहे, असे आज मानले जाते. दोन वर्षांनी रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या गटाने टेलोमरेज (गुणसूत्रांची टोके टिकवणारे विकर), एसव्ही४० विषाणूचे मोठे टी-प्रतिजन (पी५३सारख्या रोधक प्रथिनांना निष्प्रभ करणारे प्रथिन) आणि रास ही तिन्ही एकत्र घालून मानवी पेशी प्रथमच ठरवून कर्करोगी केल्या.

लेंटिव्हायरस, म्हणजे एचआयव्हीच्या गटातले रेट्रोव्हायरस, यांचे प्रकरण थोडक्यात सांगता येईल. साध्या रेट्रोव्हायरसला विभाजन पावणारी पेशी लागते. १९९६ मध्ये लुइजी नाल्दिनी, इंदर वर्मा, दिदिए त्रोनो आणि सहकाऱ्यांनी एचआयव्हीपासून बनवलेल्या वाहकाने ही अट दूर केली आणि रॅट जातीच्या उंदरांच्या मेंदूतील चेतापेशींतही जनुक पोहोचवले.

रेट्रोव्हायरस डीएनएमध्ये कुठे बसेल हे मात्र सांगता येत नाही. पॅरिसमध्ये जन्मजात प्रतिकारशक्ती नसलेल्या मुलांवर जनुकोपचार झाले, तेव्हा दोन मुलांमध्ये वाहक विषाणू एलएमओ२ या कर्कजनुकाजवळ बसला आणि त्याच्या प्रवर्तकामुळे ते जनुक अवाजवी व्यक्त होऊन रक्ताचा कर्करोग झाला, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेत जे मुद्दाम करतात, तेच इथे नकळत घडले होते. त्यानंतर स्वतःचा प्रवर्तक निष्प्रभ केलेल्या वाहकांवर भर वाढला.

पुढे एकेका जनुकाऐवजी शेकडो जनुके एकदम तपासली जाऊ लागली. २०१० मध्ये सुमारे ६०० मानवी कायनेज जनुके (इतर रेणूंवर फॉस्फेट बसवणाऱ्या विकरांची जनुके) लेंटिव्हायरसने मेलेनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशींत घालून, बीरॅफ या कर्कजनुकाच्या प्रथिनाला रोखणाऱ्या औषधाला कोणते जनुक दाद देऊ देत नाही याचा शोध घेतला गेला आणि कॉट हे जनुक सापडले. २०१८ मध्ये तर पी५३ प्रथिनातील ३९३ अमिनो आम्ले एकेक करून बदललेली ८,२५८ रूपे पेशींत पोहोचवून, त्यांपैकी कोणती वाढ रोखतात आणि कोणती नाहीत याची नोंद केली गेली.