किस आणि लादी: फॅट टायर वेगळा, खिळ्यांचा टायर वेगळा

मिनेसोटात नवीन आलेलं कुणी ना कुणी मराठी माणूस दर डिसेंबरला मला विचारतंच, की बर्फात जंगलातल्या ट्रेलवर सायकल चालवायचीय, तर फॅट बाईक, म्हणजे जाडजूड टायरची सायकल, घेतली की झालं ना? नाही झालं. आणि मला वाटतं हा घोळ थोडा आपल्या भाषेमुळेही होतो, कारण भुसभुशीत स्नो असो की कडक आइस, आपण दोन्हीला बर्फच म्हणतो. पण गोळेवाला आठवा. त्याच्याकडे लादी असते आणि ती घासून निघालेला किस असतो, दोन्ही बर्फच, पण किसात बोट रुततं आणि लादीवरून सटकतं. ट्रेलवरही हेच दोन प्रकार भेटतात. फॅट टायर किसासाठी आहे, खिळ्यांचा टायर लादीसाठी.

आधी फॅट. नेहमीच्या माउंटन बाईकचा टायर सव्वादोन-अडीच इंच रुंद, फॅटचा साधारण ३.८ ते ५ इंच. पण खरी करामत नुसत्या रुंदीत नाही, त्या रुंदीमुळे हवा किती कमी ठेवता येते त्यात आहे. हिशेब सोपा आहे. तुम्ही, सायकल आणि अंगावरचे थंडीचे कपडे मिळून ९० किलो धरा, म्हणजे २०० पाउंडाच्या आसपास. टायरात हवेचा दाब २५ पीएसआय, म्हणजे दर चौरस इंचाला २५ पाउंड, असेल तर दोन्ही टायर मिळून ढोबळमानाने ८ चौरस इंच भाग जमिनीला टेकतो, ५ पीएसआय ठेवलं तर तोच ४० चौरस इंच होतो. चिखलात फळी टाकून तिच्यावरून जातो ना आपण, अगदी तसंच, वजन पसरतं आणि चाक बुडत नाही. अलास्कात १९८७ मध्ये इडिटाबाईक ही बर्फातली सायकल रेस सुरू झाली तेव्हा लोक रुंद रिमसाठी धडपडत होते, पुढे फेअरबँक्सच्या सायमन रॅकोवरने ४४ मिलिमीटरची स्नोकॅट रिम आणली, आणि २००५ मध्ये आमच्या इथल्या ब्लूमिंग्टनच्या सर्ली कंपनीने पग्सली नावाची सायकल काढली, ३.७ इंची टायरवाली, तेव्हा कुठे ही सायकल साध्या दुकानात मिळायला लागली. या सगळ्यांची अडचण एकच होती, चाक बुडतंय. घसरतंय ही वेगळी अडचण आहे.

हे मला पडल्यावरच कळलं. फेब्रुवारीत दोन दिवस ऊन पडलं, ट्रेलवर पाणी झालं, तिसऱ्या रात्री ते गोठलं आणि वर पहाटे दोन इंच ताजा बर्फ पडला. दिसायला ट्रेल इतका सुंदर की काय सांगू. माझा टायर ४.६ इंची, हवा ५ पीएसआय, एकदम निर्धास्त. सावलीतल्या एका वळणावर पुढचं चाक असं काही निघून गेलं की सावरायला क्षणही मिळाला नाही, थेट डाव्या खुब्यावर. उठून हातमोज्याने वरचा भुगा बाजूला केला तर खाली राखाडी काच, आणि त्या काचेत ओकचं एक पान अख्खं गोठलेलं, शिरान् शिर दिसत होती. त्या पानावर माझ्या टायरचा ओरखडासुद्धा नव्हता. रबर कितीही रुंद असू दे, लादीत त्याला रुतायला जागाच नाही. पावसाळ्यात गडाच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर मोठ्या मापाचा बूट घालून काय उपयोग?

तिथे खिळेच लागतात. टायरच्या रबरात बसवलेले बारीक स्टड, टोकाला टंगस्टन कार्बाइड, कारण साधं लोखंड रस्त्यावर आणि खडीवर लवकर झिजतं. पण उलटंही तितकंच खरं. ओळखीतला एकजण साध्या माउंटन बाईकला खिळ्यांचे टायर लावून सहा इंच ताज्या बर्फात आला, त्याचं पुढचं चाक नांगरासारखं जमीन उकरत होतं आणि तो अर्धा वेळ सायकल ढकलत होता. किसात खिळ्याला धरायला काही नसतंच.

दोन्ही एकत्र, म्हणजे खिळेवाले फॅट टायरही मिळतात, पण महाग असतात. खिळ्यांचा एकच टायर घेता येत असेल तर तो पुढे लावा. मागचं चाक सरकलं तर बऱ्याचदा सावरता येतं, पुढचं सरकलं की माणूस खालीच. आणि नवीन खिळे असतील तर पहिले ४०-५० किलोमीटर कोरड्या रस्त्यावर शांतपणे चालवा, करकचून ब्रेक मारू नका, तेवढ्यात ते रबरात नीट बसतात.

अजून एक, हवा घरात बसून सेट करू नका. २० डिग्रीच्या खोलीत भरलेले ६ पीएसआय बाहेर उणे १५ मध्ये साडेतीनच्या आसपास येतात आणि मग रिम दगडावर आपटते. छोटा गेज खिशात ठेवा, बाहेर दहा मिनिटं सायकल गार होऊ द्या आणि मग मोजा.

आणि पारा शून्याच्या वर गेला असेल तर कुठलाही टायर असो, मी तरी ट्रेलवर जात नाही. मऊ झालेल्या बर्फात तुमच्या चाकाची चर पडते आणि रात्री ती तशीच गोठते, मग दुसऱ्या दिवशी सकाळी येणाऱ्याचं पुढचं चाक त्या चरीत अडकतं आणि खाली असते लादी.