स्पॅनिशचा कंपित ‘र’ जीभ हलवून निघत नाही

स्पॅनिश शिकू लागलेल्या अनेकांची पक्की समजूत असते की, त्या भाषेतला थरथरता ‘र’ एक तर जन्मतः येतो किंवा कधीच येत नाही. ही समजूत चुकीची आहे. स्पॅनिश ज्यांची मातृभाषा आहे, त्या मुलांनाही हा ध्वनी सर्वांत शेवटी साधणाऱ्या ध्वनींपैकी एक असतो आणि पुष्कळांना तो पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास जमू लागतो.

स्पॅनिशमध्ये ‘र’ दोन आहेत. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’ आणि ‘पेर्रो’ म्हणजे ‘कुत्रा’. ‘कारो’ म्हणजे ‘महाग’ आणि ‘कार्रो’ म्हणजे ‘गाडी’. पहिल्या प्रकारात जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या हिरडीच्या उंचवट्याला, म्हणजे वर्त्साला, एकदाच निसटता स्पर्श करते. हा ताडित ‘र’ असून तो स्पर्श सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकाच टिकतो. दुसऱ्या प्रकारात असे स्पर्श बहुधा दोन-तीन वेळा होतात, म्हणून शिकणारा असे गृहीत धरतो की ताडित ‘र’ भराभर दोन-तीनदा म्हटला की कंपित ‘र’ तयार होईल.

खरी अडचण या गृहीतकातच आहे. ‘तततत’ असे शक्य तितक्या वेगाने म्हणून पाहिल्यास जिभेचे टोक सेकंदाला सहा-सात वेळांपेक्षा फारसे जास्त हलत नाही, तर कंपित ‘र’मध्ये ते सेकंदाला साधारण २५ ते ३० वेळा या गतीने आपटते. स्नायूंना जाणूनबुजून हा वेग गाठता येत नाही; ते काम हवा करते. जिभेच्या कडा वरच्या दाढांना टेकलेल्या असतात, त्यामुळे हवेला फक्त पुढूनच वाट उरते आणि त्या वाटेवर जिभेचे सैल टोक वर्त्साला हलके टेकलेले असते. मागे हवेचा दाब वाढला की टोक ढकलले जाते आणि फट उघडते. त्या अरुंद फटीतून हवा वेगाने निसटताना तिथला दाब उतरतो, जिभेची स्वतःची लवचिकता टोकाला पूर्वस्थितीकडे ओढते आणि फट पुन्हा मिटते. मग दाब पुन्हा वाढतो. वाऱ्यावर कापड फडफडते तसाच हा प्रकार असून कापडाप्रमाणेच जिभेनेही फक्त योग्य जागी, योग्य ताणात असावे लागते. कंठातील स्वरतंतूही बऱ्याच अंशी याच तत्त्वाने कंप पावतात. मात्र कंपित ‘र’ घोष, म्हणजे स्वरतंतूंच्या कंपासह निघणारा, असल्यामुळे फुप्फुसांतून येणाऱ्या हवेच्या दाबाचा काही भाग स्वरतंतूंवर खर्च होतो आणि उरलेल्या दाबावर जिभेला थरथरावे लागते. दाब किंचित कमी पडला किंवा टोक जरासे ताठरले तरी कंप थांबतो व नुसता घर्षणाचा आवाज उरतो. जोर लावणाऱ्याला हा ध्वनी म्हणूनच हुलकावणी देतो.

आपल्याकडे वाणी स्वच्छ व्हावी म्हणून बाळाच्या जिभेवर वेखंड उगाळून लावतात. त्याने स्नायूंचा ताण बदलत नाही, हवेचा दाबही बदलत नाही. उलट वेखंडातील असॅरोन या द्रव्याने तान्ह्या बाळाला अपाय होऊ शकतो. जिभेखालचा पडदा खरोखर आखूड असेल, तर ते डॉक्टरांनी तपासून ठरवावे.

मराठी माणसाला येथे एक आयती सोय आहे. ‘भुर्रकन’, ‘टर्रकन’, ‘गर्रकन’ हे शब्द रंगवून म्हणताना आपली जीभ सहज कंप पावते. तोच कंप आधी ‘आ’ आणि ‘ओ’ या स्वरांसोबत घोळवावा. ‘ई’च्या उच्चारात जिभेचा मधला भाग पुढे व वर येतो आणि टोकाला थरथरायला मोकळीक राहत नाही, त्यामुळे ‘र्रिको’सारखे शब्द नंतर घ्यावेत. आवाज न करता, नुसत्या श्वासावर कंप सुरू करून मग त्यात घोष मिसळणे हाही चांगला सराव आहे, कारण तेव्हा जिभेला हवेचा पूर्ण जोर मिळतो.

एक गोष्ट मात्र कानाला मुद्दाम शिकवावी लागते. स्पॅनिशमध्ये शब्दाच्या आरंभी तसेच ‘न’, ‘ल’ आणि ‘स’ यांच्यानंतर ‘र’ एकदाच लिहिलेला असला तरी तो कंपितच असतो. आपण ‘रोसा’, ‘रादिओ’ किंवा ‘एन्रिके’ हे शब्द मराठी वळणाने एकाच स्पर्शात उरकतो, आणि त्यांचा सराव ‘पेर्रो’इतकाच करणे गरजेचे आहे.