इथेनॉल सोसणारी गाडी आणि इथेनॉल पचवणारी गाडी

"या गाडीचे पाइप, सील सगळे इथेनॉलला चालणारे आहेत, मग ई८५ भरायला काय हरकत?" ई८५ म्हणजे नावापुरतं ८५ टक्के इथेनॉल, बाकी पेट्रोल; ई१० म्हणजे १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. या प्रश्नाचा पूर्वार्ध बहुतेक वेळा खरा असतो. घोळ उत्तरार्धात आहे. इथेनॉल सोसणं हे रबर आणि धातूचं काम, पचवणं हे ईसीयू (इंजिनाचा संगणक), इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) आणि पंपाचं. पहिलं जमतं म्हणून दुसरंही जमेल, असं मुळीच नाही.

सोसण्याचं थोडक्यात, कारण ते बहुतेकांना ठाऊक असतं. जुन्या गाड्यांतलं नैसर्गिक रबर, कॉर्कची गास्केट, जस्त किंवा मॅग्नेशियमचे भाग यांचं इथेनॉलशी जमत नाही. शिवाय ते ओल ओढून घेतं, म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत ते ठेवू नये. पण ई१० साठी बनवलेल्या अलीकडच्या स्पोर्ट्स कारचे पाइप एका टाकीत विरघळत नाहीत. टाकीत साचलेला गाळ मात्र सुटतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. पहिल्या एक-दोन टाक्यांनंतर फिल्टर बदला, एवढं पुरे.

आता पचवणं. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. शुद्ध इथेनॉलला ९ किलो, ई८५ ला सुमारे ९.८. म्हणजे इंजिनाने हवा तेवढीच ओढली तरी इंधन जास्त द्यावं लागणार. घनतेतला फरक धरला, तर ई१० वर चालणाऱ्या इंजिनाला ई८५ चे सुमारे ३७% जास्त लिटर हवेत.

"पण माझी तर मस्त चालते, लाइटसुद्धा लागला नाही!" चालणारच. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) आणि हलक्या पायावर एग्झॉस्टमधला ओटू (ऑक्सिजन) सेन्सर इंधन कमी पडतंय हे पाहतो आणि ईसीयू फ्युएल ट्रिम, म्हणजे इंधनातली टक्केवारी दुरुस्ती, वाढवत नेतो. इंजेक्टर तेव्हा जेमतेम उघडत असतात, त्यांना जास्त वेळ उघडं राहायला भरपूर वाव असतो. हे पचवणं नव्हे, उधारीवर भागवणं आहे. उधारीलाही मर्यादा असते: बऱ्याच गाड्यांत ट्रिम अधिक २५ टक्क्यांच्या आसपास अडतो आणि मग इंधन कमी पडतंय असं सांगणारा पी०१७१ हा एरर कोड येतो.

खरी परीक्षा पाय पूर्ण दाबल्यावर. बऱ्याच गाड्या तिथे सेन्सरचं ऐकणं सोडून ठरलेल्या मॅपवर (ईसीयूतल्या इंधनाच्या तक्त्यावर) जातात. आधी शिकलेला ट्रिम काही ईसीयू तिथेही लावतात, काही लावत नाहीत. लॅम्डा म्हणजे नीट जळायला लागणाऱ्या हवेच्या तुलनेत असलेली हवा: १ म्हणजे बरोबर, त्याहून जास्त म्हणजे इंधन कमी. समजा मॅपला लॅम्डा ०.८५ हवा आहे. २५% ट्रिम पुरता लागला तरी प्रत्यक्षात ०.९३ मिळेल. ट्रिम लागलाच नाही तर १.१६. त्यात इंजेक्टरचा हिशेब वेगळाच. ई१० वर ७२% ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचा वेळेतला वाटा) असेल, तर ३७% वाढीने ती ९९ वर जाते. ८५ च्या पुढे इंजेक्टरवर भरवसा ठेवू नये. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत बहुधा आधी हाय-प्रेशर पंप धापा टाकतो आणि रेलचा (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीचा) दाब मागणीपेक्षा खाली घसरतो.

"ई८५ थंड जळतं, म्हणून इंजिन सुरक्षित" हे वाक्य तर बंदच व्हायला हवं. बाष्प होताना ते हवा थंड करतं, नॉक (इंधन आपोआप भडकून होणारा ठोका) दाबून धरतं, हे खरं. पण इंधन कमी पडलं की एग्झॉस्टची उष्णता चढते, आणि नॉक होत नसल्यामुळे नॉक सेन्सर गप्प राहतो. धोक्याची घंटाच काढून घेतल्यासारखं. त्यात तापलेल्या प्लगच्या टोकावर इथेनॉल ठिणगीच्या आधीच पेटू शकतं.

ऑक्टेनचं म्हणाल तर स्पार्क टायमिंग पुढे घेतल्याशिवाय त्याचा फायदा फारसा दिसत नाही. आणि वाइडबँड गेज, म्हणजे हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा मीटर? पेट्रोलच्या स्केलवरचं गेज ई८५ लाही १४.७ च दाखवतं, कारण ते मोजतं लॅम्डा आणि आकडा पेट्रोलचा छापतं. ९.८ दिसेपर्यंत इंधन ओतत बसणारे लोक प्लग ओले करून घेतात. गेज सरळ लॅम्डावर ठेवा.

ट्यून (ईसीयूचा मॅप बदलणं) न करता थोडं मिसळायचंच असेल, तर आधी स्कॅनर लावून शॉर्ट (त्या क्षणाच्या) आणि लाँग (शिकून ठेवलेल्या) ट्रिमची बेरीज पाहा. सध्याच्याच पेट्रोलवर ती अधिक ८ असेल, तर हातात १७ च उरले. ५० लिटरच्या टाकीत १५ लिटर ई८५ आणि ३५ लिटर ई१० घातलं की मिश्रण ३२.५% इथेनॉलचं होतं, आणि ई१० पेक्षा सुमारे ८ ते ९% जास्त इंधन लागतं. इतपत ट्रिम बहुधा सांभाळून घेतो. तरी पूर्ण थ्रॉटलवर लॅम्डा आणि रेलचा दाब पाहिल्याशिवाय खात्री धरू नका. भरल्यावर लगेच गाडी उभी करू नका. पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या हलक्या वेगात चालवा, म्हणजे ट्रिम नवं इंधन शिकेल. नाहीतर सकाळी रेलमध्ये नवं इंधन, ईसीयूच्या डोक्यात जुनं, आणि मुळातच थंडीत इथेनॉलची वाफ कमी होते. स्टार्टर फिरत राहतो.

पंपावर ई८५ लिहिलंय म्हणून ८५ धरू नका. अमेरिकी मानकात हे प्रमाण ५१ ते ८३ टक्के असू शकतं. खुणांच्या १०० मिलीच्या नळीत १० मिली पाणी आणि ९० मिली इंधन घालून हलवा, थर वेगळे होऊ द्या. खालचा, पाणी आणि इथेनॉलचा थर जिथे थांबेल त्यातून १० वजा करा आणि ९० ने भागा. अंदाज पुरेसा येतो. फ्लेक्स-फ्युएल सेन्सर हेच सतत सांगतो: प्रचलित सेन्सरमध्ये ५० हर्ट्झ म्हणजे ०% आणि १५० हर्ट्झ म्हणजे १००%. पण तो फक्त सांगतो. ते ऐकून इंधन आणि टायमिंग बदलणारा मॅप ईसीयूत हवा, आणि त्या मॅपला पुरे पडणारे इंजेक्टर हवेत.