कोंबडीच्या पिल्लांचे ब्रूडिंग (गोव्यातील)

अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांना आईविना, कृत्रिम ऊब देऊन पहिले तीन-चार आठवडे सांभाळणे म्हणजे ब्रूडिंग. त्यासाठी केलेली उबदार, बंदिस्त जागा म्हणजे ब्रूडर. खुडूक कोंबडी दहा-बारा पिल्ले पंखांखाली सहज घेते, आणि पेडणे, डिचोली, सत्तरीच्या परसांत गावठी पिल्ले आजही अशीच वाढतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली वनराज किंवा बंगळूरची गिरिराज यांची शंभर-दोनशे पिल्ले उबवणी केंद्रातून एकदम आणली, की मात्र ब्रूडरवाचून चालत नाही.

गोव्यात कसली थंडी, असे म्हणून बल्ब न लावणाऱ्यांची पिल्ले पहिल्याच आठवड्यात दगावतात. पिल्लाच्या अंगावर पिसे नसतात, नुसती लव असते. स्वतःच्या शरीराची ऊब राखणे त्याला दोन-तीन आठवडे जमत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश सेल्सिअस लागते, पुढे दर आठवड्याला ३ अंशांनी कमी. किनारपट्टीवर मे महिन्याच्या दुपारीही पारा बहुधा याच्या खालीच असतो आणि पावसाळी रात्री तो २४ अंशांच्या आसपास उतरतो.

पिल्ले येण्याआधी खोली रिकामी करून धुवावी, भिंतींना चुना लावावा व काही दिवस तशीच कोरडी पडू द्यावी. जमिनीवर भाताच्या तुसाची सुमारे ५ सेंमी. जाड गादी पसरून पहिले दोन-तीन दिवस तिच्यावर कागद अंथरतात, म्हणजे पिल्ले तूस खात नाहीत. भोवती पत्र्याचे किंवा जाड पुठ्ठ्याचे सुमारे ४५ सेंमी. उंच गोल कडे, म्हणजे चिकगार्ड, उभारतात. कडे गोलच हवे. कोपरा मिळाला की पिल्ले त्यात दाटतात आणि तळची गुदमरतात. मध्यभागी, ऊब खालीच अडवणाऱ्या छत्रीसारख्या झाकणाखाली, बल्ब टांगतात, पिल्लामागे एक ते दोन वॅट या हिशेबाने. एलईडी दिवे येथे कुचकामी, कारण ते उजेड देतात पण ऊब देत नाहीत. बल्ब आदल्या दिवशीच पेटवून ठेवावा, नाहीतर वरची हवा तापते आणि गादी गारच राहते.

अंड्यातील बलक पिल्लाच्या पोटात शिल्लक असतो व त्यावर ते दोन-तीन दिवस तगते; म्हणूनच बेळगावकडून घाट उतरून खोक्यांत आलेली पिल्ले जिवंत पोहोचतात. पण ती तहानलेली असतात. आधी गूळ किंवा इलेक्ट्रोलाइट (क्षारांची पूड) घातलेले पाणी द्यावे, दोन-चार पिल्लांच्या चोची त्यात बुडवून दाखवाव्यात. बाकीची बघून शिकतात. भांडे उथळ असावे. दोन-तीन तासांनी कागदावर मक्याचा बारीक भरडा टाकावा, नंतर चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचे तयार खाद्य. रात्री काही पिल्लांच्या गळ्याखालची अन्नपिशवी बोटाने चाचपावी: ती भरलेली व मऊ लागली, तर पिल्लू खाते-पिते आहे.

थर्मामीटर असावाच, पण खरी खूण पिल्लांच्या वागण्यात असते. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट केला, तर थंडी आहे. कड्याला चिकटून, चोच उघडून धापा टाकल्या, तर उष्मा आहे. सगळी एकाच बाजूला सरकली, तर दुसरीकडून वारा येतो आहे. ऊब योग्य असेल, तर ती सर्वत्र सारखी पसरतात.

गोव्यातील ब्रूडरचा मोठा शत्रू मात्र दमट हवा हाच. जून ते सप्टेंबरच्या पावसात चिऱ्यांच्या भिंती ओल धरतात, तूस सादळते, अमोनियाचा वास सुटतो आणि रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस, पसरते. झड अडवायला चहूबाजूंनी प्लास्टिक लावून खोली कोंदट करणे ही त्या ओलीला दिलेली मदतच. पडदा पिल्लांच्या उंचीपर्यंत घट्ट आणि वर हवेला वाट, हेच बरे. तूस रोज हलवावे, पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले झालेले लगेच बदलावे. त्याच मोसमात वादळी रात्री वीज जाते. तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून ठेवाव्यात. करवंट्यांचे निखारे वापरायचेच तर ते धूर विरल्यावर, जाळीआड आणि हवा खेळती ठेवून, कारण कोंडलेल्या खोलीत कोळशाचा वायू पिल्लांनाच नव्हे तर माणसालाही मारतो.

राणीखेत (मानमोडी) रोगाची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात, गंबोरो या विषाणूजन्य रोगाची चौदाव्या दिवसाच्या सुमारास. लस बर्फातूनच आणावी. वाटेत तापलेली लस दिली काय, न दिली काय, सारखेच.

तिसऱ्या आठवड्यापासून, पिसे फुटू लागली की, बल्ब आधी दिवसा बंद करतात, मग हवामान पाहून रात्री. परसात वाढवायची पिल्ले साधारण सहा आठवडे आत ठेवून मग दिवसा बाहेर सोडतात. मुंगूस, मांजर व घार यांच्या भीतीमुळे संध्याकाळी पुन्हा खुराड्यात कोंडणे पुढेही चालूच राहते.