जन्मजात म्हणजे आनुवंशिक नव्हे, हिरोशिमाचंच उदाहरण घ्या

आमच्या सोलापुरात परवा मावसबहिणीकडं गेलो होतो, तिला तिसरा महिना चालू आहे, नवरा फौजेत सीमेवर. शेजारच्या काकू भाकरी थापता थापता बोलून गेल्या की लढाईचं विष रक्तात उतरतं, हिरोशिमात आजही वाकडीच पोरं जन्मतात म्हणे. ती रात्रभर झोपली नाही ओ.

गोंधळ असा की जन्मजात आणि आनुवंशिक आपण एकच धरतो. जन्मजात म्हणजे जन्मतःच असलेलं, कारण काही का असेना. आनुवंशिक म्हणजे आईबापाच्या जनुकांतून आलेलं.

हिरोशिमा-नागासाकीत दोन्हींची वेगवेगळी तपासणी झालीय. ऑगस्ट 1945 मध्ये जी बाळं आईच्या पोटातच होती, त्यातल्या सुमारे 1,600 जणांवर पुढं लक्ष ठेवलं, तर 30 जणांना तीव्र बौद्धिक अपंगत्व आलेलं, बऱ्याच जणांची डोकी लहान, आणि सगळ्यात जास्त फटका 8 ते 15 आठवड्यांच्या गर्भांना, कारण मेंदूच्या पेशी तेव्हाच भराभर तयार होत असतात. हे जन्मजात, पण आनुवंशिक नाही, किरणं थेट बाळालाच लागली.

आणि बॉम्बनंतर दिवस गेलेल्यांचं काय? जपानमध्ये तेव्हा रेशनिंग होतं, गरोदर बाईला पाचव्या महिन्यापासून जादा रेशन मिळायचं, त्या नोंदणीवरून 1948 ते 1954 मध्ये सुमारे 77,000 बाळं तपासली. आई, बाप किंवा दोघंही बॉम्बमधून वाचलेले असले तरी त्यांच्या बाळांत व्यंगं ठळकपणे वाढलेली दिसली नाहीत. म्हणजे ‘आजही वाकडीच पोरं’ हे खरं नाही, आणि त्या लोकांना लग्न जुळवताना हाच संशय सोसावा लागला, याचं मला फार वाईट वाटतं.

बॉम्बच पाहिजे असं पण नाही बरं. 1944-45 च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये जर्मनांनी अन्न अडवलं, तेव्हा शेवटचे तीन महिने उपाशी राहिलेल्या आयांची बाळं साधारण 300 ग्रॅमनं हलकी जन्मली. युद्धात आईची उपासमार होते, तपासण्या बुडतात, बाळाला त्याचाच मार बसतो.

बहिणीला हे सगळं सांगितलं. फॉलिक अ‍ॅसिड ती आधीपासून घेतेय, पाचव्या महिन्यातली अ‍ॅनोमली सोनोग्राफी, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का ते बघायची तपासणी, चुकवायची नाही हे पण ठरलं. फक्त सकाळी मिशरी लावायची सवय आहे तिला, ती सोडायला लावलीय, कारण तंबाखूनं बाळाचं वजन खरंच कमी होतं.